सिव्हिलची मानसिक आरोग्य टीम: दोन तारखांच्या मधली सेवा कशी आहे?

जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार ओपीडीबद्दल चार जणांना विचारलं की चौघंही डॉक्टरबद्दल सांगतात: गोळी लागू पडली का, रांग केवढी होती, नीट बोलले का. सेवेचं माप काढायला एवढं पुरत नाही. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं डिप्रेशन असलेला माणूस महिन्यातून दहा मिनिटं डॉक्टरसमोर बसतो आणि उरलेला महिना गावात काढतो. त्या महिन्यात त्याची खबरबात कोण ठेवतं, तारीख चुकली तर कुणाच्या लक्षात येतं आणि लक्षात आल्यावर कोण उठून जातं, यावर ही सेवा कामाची की नावापुरती ते ठरतं. मराठवाड्यातल्या जिल्हा टीमचं हे परीक्षण त्याच अंगानं आहे. एखाद्या जिल्ह्याकडं बोट दाखवायचं नाही. इथं लिहिलेली दुखणी थोड्याफार फरकानं सगळीकडं भेटतात.

आधी सेवा कशाची ते पाहू. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा. तो जिल्ह्यात नेणारा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला, नमुना कर्नाटकातल्या बेल्लारीचा. कागदावर टीममध्ये मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर, मानसिक आरोग्याची नर्स, कम्युनिटी नर्स आणि केस रजिस्ट्री सहायक अशी माणसं असतात. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. नांदेडच्या माणसाला येरवडा गाठायचं तर 400 किलोमीटरच्या वर प्रवास. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण भूम, सेनगाव किंवा गेवराईच्या खेड्यातल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला परवडते ती जिल्ह्याची टीमच, आणि तिची ठरल्या वारी तालुक्याला भरणारी ओपीडी. खर्चाचं एक नीट समजून घ्यावं. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपर, तपासण्या, औषधं मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या विभागाखाली येतात, तिथं हा नियम लागू नाही. 'तिकडं फुकट होतं, इकडं पैसे का' ही खिडकीवरची हुज्जत बहुतेक वेळा यातूनच होते.

पहिली भेट

टीम कशी आहे ते पहिल्या भेटीतच बरंचसं कळतं. चांगल्या ठिकाणी नवीन केस थेट डॉक्टरकडं जात नाही. सोशल वर्कर किंवा नर्स आधी 40-45 मिनिटं बसून इतिहास घेते, आणि तोही दोनदा: एकदा नातेवाइकांसमोर, एकदा रुग्णाशी एकट्यानं. एकट्यानं का, तर मारहाण, बांधून ठेवणं, दारू, आत्महत्येचा विचार या गोष्टी घरच्यांसमोर तोंडातून निघत नाहीत.

जाताना काय न्यावं? जुने सगळे कागद, खासगीतले असले तरी. गोळ्यांची रिकामी पाकिटं. 'पांढरी छोटी गोळी' यावरून कुणाला काही कळत नाही. गुडघेदुखीच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही. आणि घरात रुग्णासोबत रोज राहणारं माणूस. शहरातला शिकलेला चुलतभाऊ इंग्रजी छान बोलतो, पण रुग्ण रात्री किती झोपतो हे भावजयीलाच माहीत असतं.

फॉर्म कसा भरला जातो तिकडं लक्ष द्या. निदानाच्या रकान्यात 'एफ 20' (स्किझोफ्रेनियाचा संकेतांक) लिहून पान संपलं तर तो नुसता केस पेपर झाला. काम करणारी टीम आणखी तीन गोष्टी विचारते. गोळ्या घरात कुणाच्या ताब्यात असतात? मागच्या वेळी आजार उलटण्याआधीच्या पंधरा दिवसांत काय काय बदललं होतं? आणि इथवर यायला कोणती एसटी, किती वाजता, किती पैसे? तिसरा प्रश्न फालतू वाटतो, पण पुढच्या तारखा त्याच्यावरच टिकतात. गावातून निघणारी पहिली गाडी साडेनऊला असेल आणि ओपीडी बाराला आवरत असेल, तर तो माणूस तिसऱ्या महिन्यात येणं बंद करणार. तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी देता येते. बाजाराच्या दिवशी गाड्या जास्त, सोबत जास्त आणि गावात कुणी 'कुठं निघालात' म्हणून विचारतही नाही.

याच भेटीत नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे आजारात रुग्णाच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाचा, कागद करून घ्यायला हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, लागू 29 मे 2018 पासून. त्यानुसार रुग्ण स्वतः साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमू शकतो. ना स्टॅम्पपेपर, ना नोटरी. हा कागद माणूस बरा असताना होतो. आजार भडकल्यावर भाऊ, बायको आणि सासरा यांच्यात कोण ठरवणार यावर दवाखान्याच्या व्हरांड्यात भांडणं होतात. तरी बहुतेक ठिकाणी हा कागद फाइलला नसतो. विचारलंच नाही तर कुणी करून घेत नाही.

रजिस्टर

सगळी सेवा एका वहीवर उभी असते. ती टीमच्या टेबलावर दिसली पाहिजे: फॉलोअपचं रजिस्टर. त्यात फाइल नंबर, गाव, रुग्णाचा आणि नातेवाइकाचा असे दोन मोबाइल नंबर, आशाताईचा नंबर, शेवटची भेट, पुढची तारीख, इंजेक्शन असेल तर त्याची तारीख, आणि शेवटचा रकाना 'आले/नाही आले'. शेवटचा रकाना रोज संध्याकाळी भरला जातो की महिन्याअखेरीला अहवालासाठी एकदम, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. महिन्याअखेरीला भरलेल्या वहीत चुकलेली माणसं आकडा म्हणून दिसतात. रोज भरलेल्या वहीत ती नावानं दिसतात आणि दुसऱ्या दिवशी फोन करता येतो.

तारीख चुकल्यावरचा क्रम असा असावा. तिसऱ्या दिवसापर्यंत फोन. फोन बंद असला किंवा 'येतो येतो' म्हणून आठवडा गेला तर आशाताईला निरोप. पंधरा दिवसांत कळलं नाही तर गावभेट. पण हा क्रम सगळ्यांना एकच लावायचा नसतो. क्लोझापिन या जपून द्यायच्या औषधावरचा माणूस, नुकताच वॉर्डातून घरी गेलेला माणूस, विष पिऊन वाचलेला माणूस आणि बाळंतपणानंतर आजारी पडलेली बाई, यांच्यासाठी तिसरा दिवसही उशिराचा. म्हणून वहीत नावापुढं लाल, पिवळा, हिरवा ठिपका असतो. लाल म्हणजे आठवड्याला संपर्क, पिवळा म्हणजे महिन्याला, हिरवा म्हणजे दोन-तीन महिन्यांनी. दर महिन्याला ठिपके पुन्हा तपासावे लागतात. ते होत नाही तिथं वर्षभरापूर्वीचे लाल तसेच राहतात, त्यात नवे मिळतात, आणि अर्धी वही लाल झाली की लालचा काही अर्थ उरत नाही.

हे ठिपके चैन म्हणून नाहीत. हिशेबच तसा आहे. एका सोशल वर्करकडं 150 गंभीर केस धरा. महिन्यात कामाचे 24 दिवस. त्यातले 8 तालुक्याच्या ओपीडीत, 4 बैठका आणि अहवालांत, 6 सिव्हिलच्या ओपीडीत. उरले 6. गाडी वेळेवर मिळाली तर दिवसाला 4 घरं होतात. म्हणजे महिन्याला 24 घरं, आणि 150 घरांची एक फेरी पुरी व्हायला सव्वासहा महिने. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन इथं 1970 च्या दशकात घरी जाऊन उपचार करणाऱ्या टीमची जी पद्धत निघाली, तिच्यात एका कर्मचाऱ्यामागं सुमारे 10 रुग्ण धरतात. आपल्याकडं ते प्रमाण यायचं नाही, मग कुणाच्या घरी जायचं ते निवडावंच लागतं. निवड लिहून केलेली असली तर जाब विचारता येतो. लिहिलेली नसेल तर जो ओरडतो त्याच्या घरी गाडी जाते, आणि कोपऱ्यात गप्प बसून जेवण सोडलेला माणूस राहून जातो.

औषधांची खिडकी

औषधं मोफत आहेत ही मोठी गोष्ट, आणि इथंच बारीक घोटाळेही जास्त होतात. नेहमीचा एक सांगतो. रिस्पेरिडोन 2 मिलिग्रॅम आणि तिचा दुष्परिणाम आवरणारी ट्रायहेक्सिफेनिडिल 2 मिलिग्रॅम अशी जोडगोळी चालू असते. स्टॉक संपतो, खिडकीवरून नुसती रिस्पेरिडोन मिळते. केस पेपरवर तेच नाव, म्हणून कुणाला खटकत नाही. चार-पाच दिवसांत मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो. घरचे म्हणतात करणी झाली. अंगारा, लिंबू, रात्रीची धावाधाव. खरं तर स्नायू आखडण्याचा हा ओळखीचा दुष्परिणाम. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रोमेथाझिनचं इंजेक्शन मिळालं की बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. पण त्या घरात 'सिव्हिलच्या गोळीनं भूत लागलं' हे कायमचं बसतं. म्हणून खिडकीवरून निघण्याआधी मागचं रिकामं पाकीट आणि नवं पाकीट शेजारी धरून बघावं. टीममध्ये हे बघायला एक माणूस खिडकीजवळ बसवला असेल तर त्या टीमला पूर्ण गुण द्यावेत.

गोळी न घेणाऱ्यांसाठी महिन्याचं इंजेक्शन हा या सेवेचा सगळ्यात भक्कम भाग. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट 25 मिलिग्रॅम दोन ते चार आठवड्यांनी, किंवा हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट साधारण चार आठवड्यांनी. औषध तेलातलं असतं. सुई जाड लागते, खोल स्नायूत सावकाश द्यावं लागतं, आणि टोचल्यावर चोळायचं नसतं. नवीन नर्सला हे सांगितलेलं नसेल तर गाठ येते, ठणका लागतो आणि पुढच्या वेळी माणूस इंजेक्शनचं नाव काढू देत नाही. फाइलमध्ये 'डावी बाजू/उजवी बाजू' अशी नोंद दर वेळी आहे का ते पाहा. एवढी बारीक नोंद ठेवणारी टीम बाकीचंही बहुधा नीट ठेवते.

बायपोलरवरच्या लिथियमचं वेगळं सांगावं लागतं, कारण मराठवाड्याचा उन्हाळा. रक्तातलं प्रमाण साधारण 0.6 ते 1.0 मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर राहावं लागतं. रक्त द्यायचं ते रात्रीच्या डोसनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी न घेता. गोळी घेऊन आलेल्याचं रक्त काढलं तर आकडा उगाच जास्त येतो, डोस कमी केला जातो आणि दोन महिन्यांत आजार उलटतो. एप्रिल-मेमध्ये रानात घाम गाळून पाणी कमी पडलं, जुलाब लागले, किंवा अंगदुखीसाठी मेडिकलवरून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेतली तर लिथियम रक्तात साठतं. हाताची थरथर एकदम वाढणं, उलटी-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं ही चिन्हं दिसली तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. मार्चमध्येच लिथियमवरच्या सगळ्यांना एकेक फोन करणारी टीम विरळा, पण हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. थायरॉइड आणि किडनीची तपासणी सहा महिन्यांनी लागते, ती तारीखही रजिस्टरला हवी.

क्लोझापिन सुरू करताना पहिले 18 आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजतात. सिव्हिलच्या लॅबचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो आणि माणूस दुपारच्या गाडीनं गेलेला असतो, म्हणून रिपोर्ट बघून फोन कुणी करायचा हे नावानिशी ठरलेलं हवं. ताप किंवा घसादुखी म्हणजे त्याच दिवशी रक्ततपासणी. बद्धकोष्ठ हलक्यानं घेऊ नये, क्लोझापिनमध्ये ते जिवावर बेतू शकतं. 48 तासांहून जास्त गोळी चुकली तर जुनाच डोस परत सुरू करायचा नसतो; पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून चढवत न्यायचा. आणि बिडी एकदम सोडली तर रक्तातलं क्लोझापिन वाढतं, हे घरच्यांना कुणी सांगतच नाही. तंबाखू मळून खाणाऱ्याला हा प्रश्न नाही. हा सगळा खेळ धुराचा.

मूल होण्याच्या वयातल्या बाईला सोडियम व्हॅल्प्रोएट चालू दिसलं तर विचारा की दुसरं औषध बसतं का. पोटातल्या बाळाला त्याचा धोका मोठा आहे. चिठ्ठी मागच्या महिन्याची तशीच उतरवत जाण्याची जी सवय असते, तीत हे वर्षानुवर्षं राहून जातं.

ऊसतोडीचे सहा महिने

बाहेरून आलेल्या मार्गदर्शक पुस्तिकांत ही बाब नसते, आणि बीडसारख्या जिल्ह्यात सेवेची खरी परीक्षा इथंच होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. रजिस्टरमध्ये नोव्हेंबरपासून 'नाही आले'ची रांग लागते. टीम फोन करते, नंबर बंद. आशाताई सांगते, घराला कुलूप. एप्रिलमध्ये माणूस परततो तो आजार भडकलेल्या अवस्थेत, आणि उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) फिटलेली नसते ते वेगळंच.

यावर उपाय आहे, पण तो सप्टेंबरमध्ये करावा लागतो. ऑक्टोबर उजाडला की माणूस हाती लागत नाही. टीमनं प्रत्येक केसला तेव्हाच विचारायचं: यंदा कोयता (ऊसतोडीची जोडी) जाणार का, कोणत्या कारखान्यावर, सोबत कोण? ज्याला रात्रीची झोप मोडली की मेनिया चढतो, त्यानं रात्री-अपरात्री गाडी भरायच्या कामावर जाणं कितपत झेपेल, हेही बोलायला हवं. घरात दुसरी कमाई नसेल तर 'जाऊ नका' म्हणणं सोपं आणि निरुपयोगी. मग निदान झोप मिळेल असं काम वाटून घेता येतं का, एवढं तरी बघता येतं.

निघताना एक चिठ्ठी द्यायची, आणि ती नीट असली पाहिजे. औषधाचं रासायनिक नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. इंजेक्शनची शेवटची तारीख, कोणती बाजू, पुढची तारीख. कोणते दुष्परिणाम आधी झालेत. टीमचा फोन नंबर. कर्नाटकात जाणाऱ्याला ही चिठ्ठी इंग्रजीत लागते. मराठीतली चिठ्ठी तिकडचा डॉक्टर वाचणार कशी? सहा महिन्यांच्या गोळ्या एकगठ्ठा देऊ नयेत. लिथियम किंवा अमिट्रिप्टिलिनचा एवढा साठा कोपीवर (फडावरच्या झोपडीत) असणं म्हणजे आत्महत्येचं साधन हाताशी ठेवणं. दोन महिन्यांचा साठा, तोही सोबतच्या माणसाच्या ताब्यात, आणि पुढचा साठा गावी राहिलेल्या नातेवाइकानं ओपीडीतून उचलून पाठवायचा, ही वाट बऱ्यापैकी चालते. इंजेक्शनवरच्या माणसाला दोन अँप्यूल सोबत देता येतात. त्याला थंडपेटी लागत नाही, पण ऊन आणि उजेड चालत नाही. कोपीच्या ताडपत्रीखाली लटकवलेल्या पिशवीत ते ठेवू नये. टोचायला कारखान्याजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. चिठ्ठी असेल तर बहुतेक ठिकाणी देतात, पण चिठ्ठी नसताना नुसती अँप्यूल पुढं केली तर हात लावत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. मुकादमाला आजाराचं नाव सांगायचं नाही. 'पाठीच्या दुखण्याचं इंजेक्शन' एवढं पुरतं.

जिल्ह्याच्या टीमबद्दल एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर हा विचारावा: सप्टेंबरमध्ये तुम्ही स्थलांतराची यादी करता का? उत्तर अडखळलं तर बाकीची आकडेवारी कितीही गुळगुळीत असो, हिवाळ्यात सेवा बंद असते असं समजावं.

घरभेट

दारात सरकारी गाडी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत कार्यक्रमाचं नाव. गल्लीतली पोरं भोवती जमतात, शेजारीण विचारते, 'कुणाला न्यायला आले?' एवढ्यानं एखादं जुळलेलं लग्न मोडू शकतं. समज असलेली टीम गाडी उपकेंद्रापाशी लावते आणि आशाताईसोबत पायी जाते, किंवा घरच्यांनाच उपकेंद्रात बोलावते. घरात गेल्यावर बसायच्या जागेवरूनही पुष्कळ कळतं. रुग्णाचं अंथरूण कुठं आहे, गोळ्यांचा डबा कुठं आहे, पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तर तारखेशी जुळतात का. 30 दिवसांच्या पाकिटात 22 व्या दिवशी 19 गोळ्या शिल्लक असतील तर डोस वाढवायची चर्चा थांबवून आधी गोळी का जात नाही ते बोलायचं.

बांधून ठेवलेला माणूस दिसला तर? 2017 च्या कायद्यातलं कलम 95 साखळदंडाला कुठल्याही रूपात मनाई करतं, आणि 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही अघोरी उपचारांना लागू आहे. पण पहिल्याच भेटीत कायदा वाचून दाखवला की दार कायमचं बंद होतं. अनुभवी नर्स आधी झोपेचं आणि आक्रमकपणाचं औषध लावून घेते, दोन-तीन दिवसांनी पुन्हा जाते आणि घरच्यांच्या हातूनच साखळी काढवते. बांधलेल्या जागी जखम किंवा मारहाणीच्या खुणा असतील तर मात्र थांबायचं नाही. त्याच दिवशी हलवायचं. देवऋषी आणि दर्ग्याबाबतही तेच. 'सैलानीला जाऊ नका' म्हणून कुणी थांबत नाही. 'जा, पण गोळ्यांचा डबा सोबत न्या आणि इंजेक्शनच्या तारखेला परत या' हे ऐकलं जातं.

विष घेतलेल्यांचा वॉर्ड

ही टीमची सगळ्यात कच्ची बाजू. कीटकनाशक पिऊन आलेला माणूस मेडिसिन वॉर्डात वाचतो, पाच-सात दिवसांनी डिस्चार्ज होतो, आणि मनोविकार विभागाचा शेरा 'ओपीडीत दाखवा' एवढाच. सुटीनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात हे माहीत असूनही. टीममधल्या कुणीतरी रोज सकाळी त्या वॉर्डात चक्कर मारून नवीन नावं उतरवून घ्यायला हवीत; वॉर्डाकडून निरोप येईल म्हणून वाट बघणाऱ्या टीमला अर्धी नावंही मिळत नाहीत. सुटीआधी घरच्यांशी बोलणं, उरलेला डबा आणि पंपाचं औषध घरातून हलवणं किंवा कुलपात घालून किल्ली दुसऱ्याकडं देणं, आठवड्याच्या आत फोन किंवा भेट. आणि पोलिसांची भीती काढणं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम 115 प्रमाणं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतल्या 309 सारखं कलम ठेवलेलं नाही. एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद होते, पण ती गुन्ह्याची नोंद नव्हे. हे न सांगितल्यामुळं 'चुकून प्यायला' अशी गोष्ट रचली जाते आणि पुढं कुणी काही बोलूच शकत नाही.

प्रेरणा प्रकल्पाचं नाव इथं घ्यायला हवं. 2015 मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी सुरू झालेला हा कार्यक्रम. आशाताई घरोघर प्रश्नावली भरतात, हेल्पलाइन 104. यादी होते, ती पुढं किती सरकते हे तालुक्यागणिक बदलतं.

भरती करायची वेळ आली तर

त्याच 2017 च्या कायद्यातल्या कलम 86 प्रमाणं माणूस स्वतःच्या संमतीनं भरती होतो. स्वतः ठरवण्याच्या स्थितीत नसेल तर कलम 89: नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, दोन जणांची स्वतंत्र तपासणी (त्यात एक मनोविकारतज्ज्ञ) आणि जास्तीत जास्त 30 दिवस. तातडीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत उपचार करू शकतो. पोलिसांनी रस्त्यावरून उचललेल्या मनोरुग्णाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. प्रत्यक्षात अडतं ते गाडीवर. 108 वाले आक्रमक माणूस म्हटल्यावर पोलीस मागतात, पोलीस अँब्युलन्स मागतात, घरचे मधल्यामधे. टीमनं ठाण्यातल्या एका अंमलदाराशी आधीच ओळख ठेवली असेल तर दोन फोनमध्ये काम होतं. नसेल तर रात्र जाते.

दाखला

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आयडियाज मोजपट्टी वापरतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम अशी चार अंगं, शिवाय आजाराचा कालावधी. 40 टक्क्यांपासून पुढं यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्डाचे लाभ, एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. तपासणीच्या दिवशी माणूस नवे कपडे घालून, दाढी करून, 'मी ठीक आहे' म्हणतो आणि टक्के 40 च्या खाली जातात. म्हणून रोज सोबत राहणाऱ्यानं तोंडी सांगण्यापेक्षा सोशल वर्करकडून घरच्या वागण्याची नोंद फाइलला लावून घ्यावी. निरामय विम्याचा फॉर्म काही सेतूवाले सरसकट भरून पैसे घेतात. तो मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगांसाठी आहे, नुसत्या मानसिक आजाराला लागू नाही.

उरलेलं थोडक्यात. सायकॉलॉजिस्ट असेल तिथं आयक्यूच्या दाखल्यांनी त्याचा दिवस खाल्लेला असतो. नियमित समुपदेशन हवं असेल तर ओपीडीचे दिवस सोडून वेळ मागा. रात्री-बेरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, 10 ऑक्टोबर 2022 पासून, चोवीस तास, मराठीत बोलतात. संकटात धीर द्यायला चांगलं, पण तिकडून दिलेला सल्ला जिल्ह्याच्या फाइलला आपोआप लागेल असं धरू नका. रांगेत नाव आणि आजार मोठ्यानं पुकारण्याची पद्धत मात्र कुठंही दिसली तरी बंद करायला सांगावं. 2017 च्या कायद्यातलं कलम 23 गोपनीयतेचं आहे, नंबरानं बोलावता येतं.

गुण द्यायचे तर इंजेक्शन आणि मोफत औषधांना दहापैकी आठ, तालुक्याच्या ओपीडीला सात, फॉलोअपला चार, विषबाधेच्या वॉर्डाला तीन. फॉलोअपचे चारही बऱ्याच ठिकाणी एखाद्याच नर्सच्या किंवा सोशल वर्करच्या जिवावर मिळतात, आणि ही पदं कंत्राटी आहेत. माणूस बदलला की फाइल कपाटात राहते, पण कोणत्या घरात कुणाशी बोलायचं ते ज्ञान त्याच्याबरोबर जातं. त्यामुळं प्रत्येक भेटीनंतर केस पेपरच्या शेवटच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डोस, इंजेक्शनची तारीख आणि पुढची तारीख त्यात स्पष्ट वाचता आली पाहिजे, येत नसेल तर तिथंच लिहून घ्या. पूर्ण फाइलची प्रत हवी असल्यास साध्या अर्जावर मागता येते, त्याच कायद्याच्या कलम 25 खाली तो रुग्णाचा हक्क आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.